नायट्रो गाडी घेताना आधी जमीन पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रिमोटवर चालणाऱ्या नायट्रो गाड्यांवर, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर पळणाऱ्या छोट्या गाड्यांवर लेख आला होता. या छंदावर मराठीत कुणी लिहितंय याचाच मला इतका आनंद झाला की तो लेख मी लागोपाठ दोनदा वाचला. दुसऱ्या वाचनात मात्र काळजी वाटू लागली. सपाट रस्त्यावर पळवायची गाडी निवडताना इंजिन किती सीसीचं आणि टॉप स्पीड किती, एवढं बघितलं की झालं, असा त्या लेखाचा एकूण सूर होता. तो वाचून एखादं पोर साठवलेले पैसे घेऊन दुकानात गेलं असेल, तर त्याला कुणीतरी थांबवून चार गोष्टी सांगायला हव्यात असं वाटलं, म्हणून हे पत्र. जागेअभावी काटछाट करावी लागली तर जरूर करा. फेलसेफचा, म्हणजे गाडी हाताबाहेर गेली तर तिला थांबवणाऱ्या सोयीचा मजकूर तेवढा राहू द्या.

मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे-हत्यारं बनवतात त्या विभागात फिटर होतो. निवृत्तीनंतर भाच्याच्या नादाने या गाड्यांकडे वळलो. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता, आता पंचविशीत आहे. या नऊ वर्षांत आमच्या हाताखालून चार गाड्या आणि सात इंजिनं गेली. त्यातली पहिली दोन इंजिनं आम्ही स्वतःच्या हाताने मारली, आणि पहिल्या गाडीने एका लहान मुलाला जवळजवळ उडवलंच होतं. तिथूनच सुरुवात करतो.

ती पहिली गाडी सेकंडहँड होती. एकास दहा मापाची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी), स्पर्धेत पळणारी, दोनशे मिलिमीटर रुंद. चेसिस अ‍ॅल्युमिनियमचं, पुढून मागून पट्ट्यावर चालणारी चारही चाकं. विकणाऱ्याने आम्हाला ती हातात धरून इंजिन चालू करून दाखवली. त्या आवाजाने भाचा तर गेलाच, मीही गेलो. रिमोट जुना होता, क्रिस्टल घालायचा. "रिमोटला काही झालेलं नाही," एवढं आम्हाला सांगण्यात आलं. फेलसेफ हा शब्द त्या दिवशी कुणी उच्चारला नाही आणि आम्हालाही तो माहीत नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मोकळ्या पटांगणावर गाडी लांब सरळ रेषेत सोडली होती. भाच्याने पूर्ण थ्रॉटल दिला आणि तिथेच गाडीतल्या रिसीव्हरचा वीजपुरवठा तुटला. चार पेन्सिल सेल एका प्लास्टिकच्या खोबणीत बसवलेले होते. इंजिनाच्या थरथराटाने त्यातला एक सेल स्प्रिंगवरून सुटला होता, हे आम्हाला नंतर उघडून पाहिल्यावर कळलं. वीज गेली की सर्व्हो, म्हणजे थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर, जिथे आहे तिथेच थांबतो. आमचा सर्व्हो पूर्ण थ्रॉटलवर थांबला. "मामा, ऐकत नाहीये!" असं भाचा ओरडला तेव्हा गाडी आमच्यापासून तीसएक मीटर पुढे होती, आणि पटांगणाच्या त्या टोकाला एक मुलगा खाली बसून बुटाची नाडी बांधत होता.

गाडी त्याच्यापासून तीन-चार हातांवर दगडी पायरीला धडकली. पुढचे दोन्ही आर्म (चाकं धरणाऱ्या दांड्या) तुटले, बॉडी उडून पडली, गाडी उताणी झाली, आणि तरीही इंजिन किंचाळतच होतं. चाकं हवेत गरगरत होती. मी धावत जाऊन टाकीपासून कार्ब्युरेटरला जाणारी सिलिकॉनची नळी चिमटीत दाबून धरली. इंधन तुटल्यावर इंजिन लगेच बंद पडेल असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. मिश्रण पातळ होत जातं तसा आवाज आधी आणखी चढतो आणि मग एकदम तुटतो. ते दोन-तीन सेकंद मला आजही ऐकू येतात. तो मुलगा एका पायात बूट घालून आमच्याकडे बघत उभा होता.

ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. एकास दहाची साधी नायट्रो गाडीही तेवढ्या वेगाने सहज जाते, चांगल्या गाड्या शंभराच्या आसपास जातात. दीड-दोन किलोचं धातूचं वजन त्या वेगाने नडगीवर बसलं तर काय होईल, हे सांगायला लागू नये. म्हणून गाडी निवडताना माझा पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो, रिमोटचा असतो. आताचे २.४ गिगाहर्ट्झचे सेट बहुतेक फेलसेफसह येतात: रिमोटचा सिग्नल तुटला की रिसीव्हर थ्रॉटलच्या सर्व्होला ठरलेल्या जागी नेतो. ती ठरलेली जागा ब्रेकची हवी, आणि ती बहुतेक सेटमध्ये आपणच ठरवून द्यायची असते. दुकानदाराला सांगा, इंजिन बंद ठेवून गाडी ठोकळ्यावर ठेव, रिसीव्हर चालू कर, थ्रॉटल अर्धा दाब आणि तसाच दाबलेला असताना रिमोट बंद कर. कार्ब्युरेटरचं तोंड मिटलं पाहिजे आणि ब्रेकची तार ताणली गेली पाहिजे. डोळ्यांनी पाहा, मगच पुढची बोलणी.

मात्र आमच्या अपघातात सिग्नल गेला नव्हता, वीज गेली होती. रिसीव्हरलाच वीज नसेल तर त्याच्यातला फेलसेफ काय करणार? त्यासाठी कार्ब्युरेटरच्या दांडीला परतीची स्प्रिंग लावतात. सर्व्होचा जोर गेला की ती तोंड मिटून घेते. पै-पैशाची वस्तू आहे. ती आमच्या गाडीवर नव्हती. आधीच्या मालकाने काढली असावी. शिवाय सुट्या सेलची खोबणी काढून टाका आणि सोल्डर केलेला पाच सेलचा सहा व्होल्टचा पॅक घाला. तो फोममध्ये गुंडाळून डब्यात बसवा. गाडी नवी असो की जुनी, या तीन गोष्टी झाल्याशिवाय मी आता कुणालाही इंजिन चालू करू देत नाही.

आता जमिनीकडे येतो. माझ्या मते निवडीचा खरा निकाल तिथेच लागतो.

तुम्ही गाडी नेमकी कुठे चालवणार आहात, ती जागा आधी पायाने चालून या. खाली बसा, तळहात फिरवा. स्पर्धेच्या गाड्यांचं पोट जमिनीपासून पाच मिलिमीटरवर असतं, कधी त्याहून कमी. त्यांची चाकं स्पंजची असतात. गुळगुळीत, झाडलेल्या ट्रॅकवर त्यांची पकड रबरापेक्षा सरस. पण ती झिजतात फार भराभर. लेथसारख्या छोट्या यंत्रावर त्यांना पुन्हा गोल करून घ्यावं लागतं, आणि व्यास कमी झाला की गिअरचं प्रमाणही बदलतं. स्पर्धक हे सगळं हिशेबात धरतो. आम्ही मात्र ती गाडी खडी वर आलेल्या जुन्या डांबरावर चालवली. पहिल्याच दुपारी स्पंजचे तुकडे निघाले, पट्ट्यात वाळूचा खडा अडकून तीन दात गेले आणि चेसिसच्या खालच्या बाजूला कानशीने घासल्यासारखे चरे पडले. गाडी उत्तम होती आणि जागा चुकीची होती. या छंदात पैसे वाया जातात ते बहुतेक असेच.

तुमच्याजवळ झाडलेला, सपाट, मोठा डांबरी किंवा काँक्रीटचा पट्टा असेल आणि तिथे चालवायची परवानगी असेल, तर एकास दहाची टूरिंग गाडी (रस्त्यावरच्या मोटारीच्या धर्तीची) घ्या. पण रबरी टायरची, तयार मिळणारी, दोरीने चालू होणारी. शाफ्टवर चालणारी मिळाली तर आणखी बरं. पट्ट्याची गाडी हलकी आणि मऊ चालते, शाफ्टची जरा आवाज करते आणि वळणात थोडी झटका देते. पण शाफ्टचे गिअर बंद डब्यात असतात, खडा आत शिरत नाही. क्योशो या जपानी कंपनीची एफडब्ल्यू मालिका या जातीतली. नवशिक्याने तिच्यावर एक-दोन वर्षं हात बसवावा आणि मग मुगेनची एमटीएक्स किंवा एक्सरेची एनटी१ यांच्याकडे बघावं. त्या स्पर्धेच्या गाड्या आहेत; त्यांच्यात बदलता येणार नाही असं काही नाही, आणि नवशिक्याची अडचण नेमकी तीच होते. कॅम्बर, टो, डिफरन्शियलमधलं तेल, अँटिरोल बार, सगळं फिरवता येतं म्हणून तो सगळं फिरवतो आणि गाडी का घसरते ते त्याला कळेनासं होतं.

जागा खडबडीत असेल, डांबराला भेगा असतील, कडेला माती असेल, तर एकास आठची जीटी गाडी बघा. हिचा सांगाडा मातीतल्या बग्गीचा असतो, वर रस्त्यावरच्या गाडीची बॉडी आणि रस्त्याचे रबरी टायर. क्योशोची इन्फर्नो जीटी हे याचं ठळक उदाहरण. पोट उंच, आर्म जाड, गिअर मोठे, मार खाण्याची ताकद दांडगी. वजन मात्र साडेतीन-चार किलोपर्यंत जातं आणि इंजिन साडेतीन सीसीचं, म्हणजे जागाही तशीच मोठी लागते. लहान पटांगणात ही गाडी चालवणं माणसांसाठी धोक्याचं आहे, आणि इंजिनाचाही त्यात तोटा आहे. ते कधी मोकळं पळतच नाही, अर्धवट जळलेलं तेल साचत राहतं.

एकास आठमध्येच स्पंजच्या चाकांची, पोट जमिनीला टेकवून पळणारी रेसिंगची जात वेगळी आहे. ती बघायला स्पर्धेला जा. पहिली गाडी म्हणून घेऊ नका.

इंजिनाच्या आकड्यांबद्दल लेखात जो गोंधळ होता तो थोडक्यात सोडवतो. खोक्यावर १२, १५, १८, २१ असे आकडे असतात. ते घनइंचाचे शंभरावे भाग आहेत. १२ म्हणजे दोन सीसी, १५ म्हणजे अडीच, १८ म्हणजे तीन, २१ म्हणजे साडेतीन. दोनशे मिलिमीटरच्या स्पर्धेत २.११ सीसीची मर्यादा असते. हलक्या एकास दहाच्या गाडीत मुद्दाम मोठं इंजिन कोंबलेलं दिसलं तर ते जाहिरातीतल्या वेगाच्या आकड्यासाठी आहे असं समजा. चाकं नुसती फिरतील आणि क्लच जळेल.

याहून महत्त्वाचं म्हणजे ते इंजिन चालू कसं करायचं. दोरीचं इंजिन कुठेही चालू होतं. फक्त दोरी टोकापर्यंत खेचायची नाही, वीतभर आखडता झटका पुरतो. रेसिंगच्या इंजिनांना दोरीच नसते. त्यांना स्टार्टर बॉक्स लागतो: बॅटरीवर फिरणारं चाक, ज्यावर गाडी ठेवून फ्लायव्हील टेकवायचं. आमच्या पहिल्या गाडीबरोबर तो बॉक्स आला नव्हता. घरी आल्यावर कळलं की गाडी चालू करण्याचं साधनच आपल्याकडे नाही. ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) तापवायला दीड व्होल्टचा इग्नायटर लागतो, तो वेगळा. इंधन भरायची बाटली वेगळी, प्लगचा पाना वेगळा. दुकानातून निघण्यापूर्वी विचारा, आत्ता इथे, फक्त या पिशवीतल्या वस्तूंवर ही गाडी चालू होईल का?

आता इंजिनाच्या आत. इथे मी जरा रमणार आहे, कारण माझा सगळा जन्म अशा बैठकी जुळवण्यात, म्हणजे एका भागात दुसरा भाग नेमका बसवण्यात गेला. या इंजिनाच्या पिस्टनला रिंग नसते. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन आणि तो ज्या नळीत वर-खाली होतो ती आतून क्रोम केलेली पितळी स्लीव्ह. ती स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. थंड इंजिनात पिस्टन वर गेला की तिथे अडकतो, चिमटा बसल्यासारखा. नवं इंजिन हाताने फिरवलं तर तो बारीक चीं असा आवाज करून थांबतो. लोकांना वाटतं जॅम झालं, आणि ते दुकानात परत नेतात. अहो, तीच तर त्याची तब्येत आहे. तापल्यावर स्लीव्हचा वरचा भाग फुगतो आणि बैठक नेमकी जमते. रिंगशिवाय, फक्त धातू किती फुगेल याच्या अंदाजावर अशी काही मायक्रॉनची बैठक साधणाऱ्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ओएस ही जपानी कंपनी १९३६ पासून अशी छोटी इंजिनं बनवते आहे.

म्हणून सेकंडहँड इंजिन पारखायला दुसरं काही लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना प्लग जागेवर ठेवून फ्लायव्हील बोटांनी हळू फिरवा. वरच्या टोकाला चिमटा जाणवला पाहिजे. लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं, तर ते इंजिन संपलेलं आहे. गरम झाल्यावर बंद पडेल आणि थंड होईपर्यंत परत चालू होणार नाही. विक्रेता आधीच चालू करून गरम केलेलं इंजिन दाखवत असेल तर तासभर थांबायची तयारी ठेवा. मग फ्लायव्हील धरून वर-खाली हलवून पाहा. खेळ लागला तर क्रँकची बेअरिंग गेली. पुढच्या बेअरिंगभोवती तेलाचा ओला डाग असेल तर तिथून हवा आत शिरते आणि कितीही डोकं चालवलं तरी सेटिंग बसत नाही.

आमचं पहिलं इंजिन मेलं ते स्क्रू फिरवण्याच्या हौसेने. कार्ब्युरेटरवर हाय स्पीडची सुई असते. ती उजवीकडे आवळली की इंधन कमी होतं, मिश्रण लीन होतं आणि गाडी खरोखरच जोरात पळते. भाच्याने रोज थोडी आवळली. पाचव्या-सहाव्या दिवशी सरळ रेषेत पळताना धूर दिसेनासा झाला, आणि आम्ही खूश झालो की इंजिन स्वच्छ जळतंय! त्याच दुपारी ते थांबलं. उघडलं तर पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, कडेला धातू वितळून पुसल्यासारखा.

कारण साधं आहे आणि दुकानात ते कुणी सांगत नाही. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. वंगण इंधनातच मिसळलेलं असतं. इंधन कमी केलंत की तेल कमी झालं, आणि तेही नेमकं उष्णता वाढते आहे अशा वेळी. मिनिटाला तीस हजार फेरे म्हणजे सेकंदाला पाचशे, आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. तेलाचा तो पातळ थर एवढाच त्या पिस्टनचा आधार. सायलेन्सरमधून निळसर धुराची रेघ कायम दिसली पाहिजे. ती दिसेनाशी झाली की गाडी आत घ्या.

तापमान मोजायची बंदूक असेल तर उत्तम; बहुतेक इंजिनं माथ्यावर ९५ ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान नीट चालतात. नसेल तर माथ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. तीन-चार सेकंदांत चुरचुरत आटला तर ठीक. पडताक्षणी उडाला तर सुई डावीकडे सैल करा. नुसता बसून राहिला तर इंजिन अजून थंड आहे. सुई एका वेळी घड्याळाच्या काट्यातल्या एका तासाएवढीच फिरवायची, आणि मग गाडीला दोन-तीन चकरा मारू द्यायच्या. भाच्याने त्याच्या वहीत प्रत्येक बदल लिहून ठेवायला सुरुवात केली आणि त्या दिवसापासून आमचं एकही इंजिन लीन होऊन मेलेलं नाही.

दुसरं इंजिन मात्र माझ्याच हातून गेलं. नवं होतं. रन-इन करताना, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला रुळवताना, मी ते इतकं रिच (जास्त इंधनावर) आणि थंड चालवलं की पिस्टन प्रत्येक फेऱ्याला त्या चिमट्यात घासत राहिला. सौम्य चालवणं म्हणजे सांभाळणं अशी माझी समजूत होती. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला धातू गरम झाल्यावर फुगतो हे आठवू नये, याचं मला फार वाईट वाटलं. आता नवं इंजिन चालू करण्याआधी मी माथा हेअर ड्रायरने चांगला कढत करून घेतो. पहिल्या पाच-सहा टाक्या मिश्रण थोडं रिच ठेवतो, पण इंजिन गरम राहील असं बघतो. प्रत्येक टाकीनंतर पिस्टन खालच्या टोकाला आणून पूर्ण निवू देतो. फ्लायव्हीलवर मार्करने खूण केलेली असते. खूण खाली आली की पिस्टन खाली, चिमट्याबाहेर.

इंधनाबद्दल. यात पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं ते मिश्रण असतं. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या वाफेत लाल राहते, म्हणून एकदा चालू झाल्यावर बॅटरीचा आधार लागत नाही; पेट्रोलमध्ये ती तशी राहत नाही. नायट्रोमिथेन स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. एक किलो पेट्रोल जळायला जवळपास पंधरा किलो हवा लागते, एक किलो नायट्रोमिथेनला पावणेदोन किलोच्या आसपास. म्हणून त्याच सिलिंडरमध्ये जास्त इंधन जाळता येतं. टक्का जेवढा जास्त तेवढं भारी, असा लेखाचा रोख होता. खोक्यात आलेल्या कागदावर निर्मात्याने जो टक्का लिहिला असेल तोच वापरा. युरोपीय संघात २०२१ पासून सोळा टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेनचं मिश्रण सर्वसामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय मिळत नाही, आणि तिथे शर्यती काही बंद पडल्या नाहीत. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचं इंधन स्वस्त मिळालं तर भरू नका. तेलाचं आणि नायट्रोचं प्रमाण त्या इंजिनांसाठी जुळवलेलं असतं.

आणि घरात लहान मुलं असतील तर हे लक्षपूर्वक वाचा. मिथेनॉल विष आहे. थोडं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, जीव जाऊ शकतो. हे इंधन रंगीत असतं, सरबतासारखं दिसतं. ते मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवायचं. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवायचं नाही. मिथेनॉलची ज्वाळा भर उन्हात डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा गरम सायलेन्सरवर इंधन सांडू देऊ नका. बंद खोलीत इंजिन चालवू नका. हे हवेतलं पाणीही शोषून घेतं; उघडा राहिलेला डबा महिनाभराने इंजिनात ओतलात तर इंजिन का अडखळतंय ते शोधण्यात अख्खी सुट्टी जाईल.

सुट्या भागांचं एका वाक्यात सांगतो: पुढचे आर्म, स्पर गिअर, क्लचची बेअरिंग आणि ग्लो प्लग या चार वस्तू दुकानदार आज काढून हातात देऊ शकत असेल तरच त्याच्याकडून ती गाडी घ्या. पहिल्या महिन्यात याच चार गोष्टी लागतात.

शेवटी वेळेचा हिशेब. एकास दहाच्या गाडीची टाकी पंचाहत्तर सीसीची, ती सहा-सात मिनिटांत संपते. अर्धा तास गाडी पळवायची तर आधी अर्धा तास स्क्रू, फिल्टर, बॅटरी तपासण्यात जातो आणि नंतर अर्धा तास साफसफाईत. चालवून झाल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन इंधन संपून बंद पडेपर्यंत चालवून, आत आफ्टर-रन तेलाचे थेंब टाकून ते फिरवावं लागतं. नाहीतर उरलेलं मिथेनॉल पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतात. एवढा वेळ नसेल, किंवा शेजाऱ्यांना आवाज सोसणार नसेल, तर मोकळ्या मनाने इलेक्ट्रिक गाडी घ्या. ती आज नायट्रोपेक्षा वेगवानही असते. नायट्रो घ्यावी ती ज्याला त्या धुराचा वास, कार्ब्युरेटरची कुरबुर आणि हाताला लागणारं तेल आवडतं त्याने. मला आवडतं. आमच्या घरातली ही कामं मी आणि भाच्याने वाटून घेतली आहेत: सेटिंग तो करतो, साफसफाई आणि बैठक मी बघतो.

संपादक महोदय, आपल्या लेखाबरोबर एक छायाचित्र होतं. गाडी रस्त्यावर उभी, मागे दोन मुलं बसलेली, आणि कार्ब्युरेटरचा जवळून घेतलेला भाग. त्या कार्ब्युरेटरच्या दांडीवर परतीची स्प्रिंग नव्हती. मी भिंग लावून पाहिलं. ज्यांची ती गाडी आहे त्यांना आपण कळवू शकलात तर बरं होईल.

आपला नम्र,
एक वाचक
(निवृत्त टूलरूम फिटर)